टेक्सासचा म्हातारा

फुजैरा,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर २००२

चि. परेश यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो, पण टर्मिनलवरची ड्यूटी काही सोडत नाहीत. घरी बसले तर मला आमटी शिकवतील, त्यापेक्षा गेलेले बरे. ममता कशी आहे? शौर्यचा खोकला थांबला का? परवा फोन केला तर त्यानेच उचलला. मी विचारलं, बाबा कुठे आहे रे, तर म्हणाला, "डॅड इज बिझी, आत्या. कॉल लेटर." एवढंसं पोर आणि एखाद्या सेक्रेटरीसारखं बोलतं. त्याला थोडं मराठी शिकवा रे, तुम्ही दोघं घरी काय चिनी बोलता का?

फोन असताना ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो गं ताई, हो गं ताई" सुरू करतोस आणि माझं बोलायचं ते राहून जातं. पत्रात तुला हो गं म्हणता येत नाही.

भाजणी चिपळूणहून आली. चकल्या करून झाल्या. तुला आवडतात म्हणून सवयीने तिखट जास्त पडलं, आता भावोजी एक चकली खातात आणि तांब्याभर पाणी पितात. यंदा भाऊबीज सहा नोव्हेंबरला आहे, आणि खैरुद्दीन म्हणतो रमजानही त्याच दिवशी लागेल, चाँद दिसला तर. म्हणजे ऑफिस लवकर सुटेल. खैरुद्दीन आमचा ऑफिसचा ड्रायव्हर, तू त्याला भेटलायस. तोच तो, बिर्याणी घेऊन येणारा.

ऑफिसात माझ्या टेबलावर आता फारसं काम उरलेलं नाही. पूर्वी खलाशांच्या टपालाची थैली भरून यायची. बोट तेल भरायला नांगर टाकायची, की मी त्या बोटीची पत्रं वेगळी काढून लाँचवर पाठवायची. आता सगळे ई-मेल करतात. मागच्या आठवड्यात एका टँकरच्या कुकसाठी एकच पत्र आलं, तेही बोट गेल्यावर. मी त्याच्यावर पुढच्या बंदराचा पत्ता लिहिला आणि पाठवलं मागून. आपलं काम आपण करावं.

हे सगळं तुला माहीत आहे. पुढे जे लिहिते तेही माहीत आहे. तरी लिहिणार, कारण तुला ते आठवतं की नाही याची मला आता खात्री राहिलेली नाही.

भावोजी बोटीवर होते तेव्हा मीही अशीच पाकिटं पाठवायचे. नाव, बोटीचं नाव, केअर ऑफ अमुक एजंट, तमुक बंदर. बोट पुढे गेली की पत्र तिच्या मागे धावायचं, प्रत्येक बंदरात कुणीतरी जुना पत्ता खोडून नवा लिहायचं. म्हणून तर एका इंग्रज कॅप्टनने ऑफिसात विसरलेलं जुन्या टपालाच्या लिलावाचं कॅटलॉग मी चाळलं, तेव्हा एका फोटोवर माझं बोट अडकलं. मळकं पाकीट, बायकी अक्षर. लेफ्टनंट जे. हॅलम, सी. एस. नेव्ही, केअर ऑफ एक एजंट, बर्म्युडा. ते खोडलेलं, खाली लिव्हरपूल. तेही खोडलेलं. साल १८६३.

अमेरिकेतलं यादवी युद्ध म्हणजे काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. दक्षिणेची राज्यं फुटून निघालेली, त्यांचं इवलंसं आरमार, त्यातले अर्धे अधिकारी इंग्लंडमध्ये बोटी बांधून मिळतात का म्हणून खेटे घालत होते. इकडे घराच्या बंदराला उत्तरेच्या बोटींचा वेढा. घरच्या बाईचं पत्र त्या वेढ्यातून निसटून बर्म्युडाला पोहोचायचं, तिथला एजंट ते पुढे धाडायचा. मी काय करते इथे? तेच की. भावोजी म्हणाले होते, गुलाम राखायला लढणारी माणसं ती, त्यांचा तुला एवढा पुळका कशाला? त्यांचं बरोबरच होतं. मला त्यांच्या लढाईचा पुळका कधीच नव्हता. मला त्या पाकिटावरचं एलिझाचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, अक्षर ओळखीचं वाटलं, इतकंच. कागद मिळेना म्हणून तिने जुनं पाकीट उसवून, आतली बाजू बाहेर काढून पुन्हा चिकटवलं होतं. आई दादांच्या शर्टाची कॉलर उलटवून शिवायची तसं.

ते पाकीट मी घेतलं. त्याच वर्षी तू व्हिजिट व्हिसावर आलास, नोकरी मिळेपर्यंत आमच्याकडे राहिलास. दिवसभर घरात एकटा, तोंड पाडून बसायचास. मी कामावरून आले तर तू टेबलाशी वाटीत पाणी घेऊन बसलेला आणि माझं पाकीट त्याच्यावर धरलेलं. लहानपणी आपण दादांच्या ऑफिसच्या पाकिटांची तिकिटं सोडवायचो तसं तुला हॅलमचं तिकीट सोडवून मला द्यायचं होतं. मी ओढून घेतलं, पण कोपरा भिजलाच. अजून फुगलेला आहे. मी तुला एक शब्द बोलले नाही. उलट बसवून शिकवलं. तिकीट सोडवायचं नाही, पाकीट धुवायचं नाही, खोडलेलं पुसायचं नाही. किंमत तिकिटाला नाही, ते पाकीट कुठून कुठे फिरलं त्याला आहे.

मग तुला अबू धाबीत नोकरी लागली, आणि नाद सुटला नाही याचं मला किती बरं वाटलं होतं. पहिल्या भाऊबिजेला आलास तेव्हा ताटासमोर बसून आपण ठरवलं. गल्फच्या जुन्या टपालाची पाकिटं तुझी, हॅलम माझा. एकाने दुसऱ्याच्या वर बोली लावायची नाही. मी ओवाळलं, तू ताटात नोट टाकलीस आणि म्हणालास, "ताई, डन."

आमच्याकडे परदेशी फॅक्सला साहेबाची सही लागते, आणि बोली म्हणजे काय हे त्या साहेबाला समजावण्यात माझी नोकरी गेली असती. म्हणून कॅटलॉगमध्ये हॅलमचं पाकीट दिसलं की मी तुला फोन करायची. इथवर जायचं, याच्या वर नाही. आकडा आधी दिरहममध्ये सांगायची, मग रुपयांत करून बघायची, आणि शेजारी भावोजी कपाळाला हात लावायचे. तू तुझ्या ऑफिसातून फॅक्स पाठवायचास.

एक आणखी पाकीट मिळालं. त्यानंतर मिळेचना. दर वेळी कुणीतरी माझ्यापेक्षा एकच पायरी वर. दुप्पट नाही, दीडपट नाही, एक पायरी. घेणाऱ्याचं नाव लिलाववाले सांगत नाहीत. तूच म्हणालास, "टेक्सासचा कुणीतरी म्हातारा असणार गं. तेलाच्या विहिरी असतील त्याच्या." मग आपण त्याला तेच नाव ठेवलं. त्याला दमा आहे, त्याचा जावई नालायक आहे, तो पाकिटं तिजोरीत ठेवतो आणि कधी बघत नाही, असं काय काय आपण रचलं. कॅटलॉग आलं की तू म्हणायचास, "यंदा म्हातारा खलास, इन्शाल्ला." मी हसून हसून बेजार व्हायचे. शेवटचं पाकीट गेलं तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी देवापुढे दिवा लावला आणि त्या म्हाताऱ्याच्या आयुष्याबद्दल नको ते बोलले. तुला फोनवर सांगितलंही, की आज मी त्याला शाप दिला. तू हसलास. मला तो हसण्याचा आवाज आता रोज ऐकू येतो.

आता कळलं ना पत्र कशाबद्दल आहे ते?

दुबईच्या तिकीट प्रदर्शनाला येणार का, असं तू मागच्या महिन्यात विचारलं होतंस. मी म्हटलं, त्या दिवशी तीन बोटी आहेत, जमणार नाही. तू लगेच म्हणालास, मलाही नाही जमणार, साईटवर काम आहे. त्या वेळी मला काही वाटलं नाही. मग गेल्या आठवड्यात, गुरुवारी, एक बोट लांबली आणि खैरुद्दीन दुबई एअरपोर्टला खलाशी आणायला निघाला होता. म्हणाला, "दीदी, चलना है तो चलो, यल्ला." मी पर्स उचलली आणि बसले. तुला कळवायचं सुचलंच नाही.

हॉलमध्ये मधल्या रांगेत मी पोहोचले आणि थांबले. नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. एलिझाचं. चारही पाकिटं एका ओळीत काचेमागे लावलेली. तुला खरं सांगू, मला आधी आनंद झाला. वाटलं, म्हातारा दुबईला आलाय. भेटावं, चहा पाजावा, शापाबद्दल माफी मागावी. फळ्यावर नाव शोधलं तर 'मरिनर' एवढंच. टोपणनावाने लावतात काही लोक, त्यात विशेष नाही. मग मी खालचा मजकूर वाचायला घेतला.

लेफ्टनंट हॅलम, बर्म्युडाच्या बंदरात पिवळ्या तापाने १८६४ साली मरण पावला. बायकोची शेवटची पत्रं त्याला मिळालीच नाहीत.

परेश, ही चूक आहे. आणि ती माझी चूक आहे. बर्म्युडातल्या दफनाच्या यादीत मला जे. हॅलम हे नाव सापडलं होतं, तेच मी धरून चालले. जेवताना तुला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तू म्हणाला होतास, "काय स्टोरी आहे, ताई." ही गोष्ट मी कुठे छापली नाही, कुणाला लिहिली नाही. भावोजी ऐकत नाहीत. जगात ती एकाच माणसाला ठाऊक होती.

तरी मन किती वेडं असतं बघ. मी तिथे उभी राहून तुझंच कौतुक करायला लागले. म्हटलं, माझ्यासाठीच घेतलीत पोराने. भाऊबिजेला ताटात ठेवणार, म्हणून लपवलंय. मला रडू फुटायच्या बेतात होतं. राहवेना म्हणून मोबाईल काढून तुला फोन लावला. सहज विचारलं, "कुठे आहेस रे?"

तू म्हणालास, "मुसफ्फाला, साईटवर. इथे फार आवाज आहे गं, नंतर करतो."

आणि मी मान वर केली तर तू चहाच्या टेबलाशी उभा होतास. फोन कानाला, दुसऱ्या हातात कप. तू फोन खिशात टाकलास. एका अरबाने अभिनंदन करत तुझ्या पाठीवर थाप मारली, "मबरूक, मबरूक," आणि तू हसून छातीवरची बक्षिसाची रिबन सरळ केलीस. मी दहा पावलांवर होते. तू बघितलं असतंस तर दिसले असते.

मी बाहेर आले. खैरुद्दीन खलाशांना घेऊन आला तोवर पायरीवर बसून राहिले. परतीच्या वाटेवर मसाफीला त्याने गाडी थांबवून पाण्याची बाटली आणून दिली. म्हणाला, "तबीयत ठीक है, दीदी?" मी म्हटलं, ठीक है. मागे बसलेली ती खलाशी पोरं घरच्यांना फोन कुठून लावायचा ते विचारत होती.

मी ठरवलं, चार दिवस थांबू. तो आपणहून सांगेल. आणि तू फोन केलासही, शनिवारी. माझा जीव असा वर आला. तू ममताचं सांगितलंस, ऊन कमी झाल्याचं सांगितलंस, आणि मग म्हणालास, "ताई, त्या हॅलमच्या बायकोचं माहेरचं नाव काय गं होतं? असंच आठवलं." परीक्षकांनी विचारलं असेल, बायकोबद्दल आणखी लिहा म्हणून. आणि मी काय केलं? सांगितलं. ब्रॅनन, म्हटलं. तू "थँक्स गं" म्हणालास. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्यांची कणीक भिजवलेली होती ती पुन्हा भिजवायला घेतली. इतकी मी भ्रमिष्टासारखी झाले होते.

लिलाव आहे, ज्याची बोली मोठी त्याचं पाकीट, हे मलाही कळतं. तू एकदा म्हणाला असतास, ताई, मलाही हॅलम हवाय, तर मी चिडले असते, आठवडाभर बोलले नसते, आणि मग आपण दोघांनी मिळून ती सहा पाकिटं एकत्र लावली असती. पण तू माझ्याकडून आकडा विचारून घ्यायचास. माझा फॅक्स पाठवायचास आणि त्याच यंत्रातून त्याच्या वरचा तुझा. मग मला फोन करून माझ्याबरोबर म्हाताऱ्याला शिव्या द्यायचास. मी त्याला मरणाचा शाप दिला, तो कुणाला लागणार होता हे तुला ठाऊक होतं, तरी तू मला थांबवलं नाहीस. तुला घाबरायलाही झालं नाही का रे? का ताईचा शाप म्हणजे काय, म्हणून सोडून दिलंस?

भावोजींना सांगितलं. त्यांना राग आला नाही, याचाच मला राग आला. म्हणाले, "अगं, त्याला पाकिटं नको होती. लहानपणापासून तू शिकवणार आणि तो शिकणार. त्याला एकदा तुझ्यावर जिंकायचं होतं." असेल तसं. पण जिंकलास तर समोर येऊन सांगायचं. मरिनर कशाला?

ममताला माहीत होतं का, हे मी विचारत नाही. माहीत असेल तर ती मला भेटल्यावर माझ्याकडे बघणार नाही, मला कळेल.

आता कामाचं. तुझा तो फळा पुढच्या वर्षी परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनात जाणार, हे मी तिथे कुणालातरी बोलताना ऐकलं. तिथले परीक्षक कसून बघतात. त्यांनी ही चूक धरली असती आणि चारचौघांत तुझी फजिती झाली असती. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्या कल्पनेवर खूश होते. चकल्या तळताना हसत होते. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं मला.

पण तोवर त्या फळ्यावर हॅलम मेलेला राहील. लोक येतील, वाचतील, च् च् करतील आणि पुढे जातील. ते मला बघवत नाही. म्हणून लिहिते, आणि तुझ्यासाठी लिहीत नाही.

जे. हॅलम दोन होते. जेम्स आणि जॉन, चुलतभाऊ, दोघंही त्याच आरमारात लेफ्टनंट. बर्म्युडाला तापाने गेला तो जॉन. त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. एलिझाचा नवरा जेम्स. त्याच्या गावच्या ग्रंथालयातल्या बाईंशी माझा दोन वर्षं पत्रव्यवहार चालू होता, त्यांनी ऑगस्टमध्ये सगळं शोधून कळवलं. युद्ध संपलं तेव्हा जेम्स इंग्लंडमध्ये होता. परत गेला तर पकडतील म्हणून कॅनडात जाऊन राहिला, माफी जाहीर होईपर्यंत. मग घरी गेला. पुढे आयुष्यभर गावच्या नदीवर माणसं पलीकडे नेणारी होडी चालवली, एलिझाबरोबर संसार केला, आणि नातवंडं बघून अंथरुणात मेला. ग्रंथालयाच्या बाईंचा पत्ता मागे लिहिला आहे, परीक्षकांनी विचारलं तर दे.

हे मी तुला भाऊबिजेला सांगणार होते. ऑगस्टपासून पोटात ठेवलं होतं. तू श्रीखंडाची दुसरी वाटी घेतलीस की म्हणायचं, अरे, आपला हॅलम जिवंत आहे. तुझं तोंड कसं होईल ते मी कितीदा डोळ्यांपुढे आणलं होतं. बाकी सगळं मी विसरेनही कदाचित, पण हे तू माझ्याकडून घेतलंस.

माझी दोन पाकिटं माझ्याकडेच राहतील. त्यातलं एक तू भिजवलेलं आहे.

वर सवयीने चिरंजीव लिहून गेले आहे. ते खोडत नाही, कारण ते खरंच आहे. तू खूप वर्षं जग. त्या देवापुढच्या बोलण्याबद्दल मी कालच पुन्हा दिवा लावला आणि माझा शब्द परत मागितला. पण खाली 'तुझी ताई' लिहायला हात धजत नाही.

हॅलम घरी पोहोचला, परेश. तू या भाऊबिजेला माझ्या घरी येऊ नकोस. आदल्या संध्याकाळी अख्खा गाव गच्चीवर जाऊन रमजानचा चाँद शोधेल. दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन जाईन. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात.

उर्मिला